एका चापाला एकच गोळी

रामराम मंडळी. मागच्या अंकात मी आर्मीच्या नव्या सिग ७१६ रायफलबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की ही सेमी ऑटोमॅटिक आहे म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी, पुढची गोळी आपोआप चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, चढते पण सुटत नाही, त्यासाठी चाप सोडून परत ओढावा लागतो. तेवढ्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणले बाकीचं राहू द्या, ह्या वेळेस हेच घ्या. तर घेतो. नवीन वाचकांना सांगतो, मी खाकीत सत्तावीस वर्षं आर्मरर होतो, म्हणजे गोळ्या कमी झाडल्या अन् रायफली जास्त खोलल्या. सिग मी चालवलेली नाही, एका लष्करी प्रदर्शनात हातात घेऊन बघितली तेवढीच. एसएलआर, म्हणजे ह्याच गोळीची आपली जुनी रायफल, मात्र हाताखालून किती गेल्या त्याचा हिशोब कोतीच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, रजिस्टरलाच माहीत.

आष्टी, जि. बीड : "काका, मी भरतीची तयारी करतोय, अकॅडमीत आमचा रोज वाद होतो. एके ४७ धडाधड मारते, आपल्या देशी इन्सास रायफलीला पण एका चापाला तीन गोळ्यांचा बर्स्ट होता, मग २०१९ मधी सरकारनं एवढा पैसा घालून एकेक गोळी मारणारी रायफल काहून घेतली? हे मागं जाणं नाही का?"

बाळा, प्रश्न बरोबर आहे पण तू सुरुवात उलट्या टोकानं केलीस. रायफल बघायच्या आधी गोळी बघायची, कारण रायफल ही गोळीभोवती बांधलेली असते, जसं विहिरीला पाणी किती ते बघून मोटर घेतो, मोटर बघून विहीर नाही खांदत.

आता तुमच्या अकॅडमीत वाद कुठं अडकत असणार ते मला माहीत आहे. एकेची गोळी पण ७.६२ अन् सिगची पण ७.६२, मग फरक काय? फरक पुढच्या आकड्यात आहे. एकेची ७.६२ बाय ३९, सिगची ७.६२ बाय ५१, हा दुसरा आकडा म्हणजे पुंगळीची लांबी मिलिमीटरमधी. जाडी जवळपास तीच पण मागची पुंगळी १२ मिलिमीटरनं लांब, म्हणजे आत बारूद जास्त. एकेची गोळी ८ ग्रॅमची, सेकंदाला ७१५ मीटरच्या आसपास निघते. ५१ वालीची गोळी साडेनऊ ग्रॅमची अन् लांब नळीतून ८४० मीटरनं निघते. ज्यूलमधी मोजलं तर एके २,००० च्या जरा वर, ही ३,३०० च्या आसपास, अन् इन्सासची ५.५६ वाली चार ग्रॅमची गोळी १,७०० ते १,८००. आता हे नीट वाच, ५१ वाली गोळी ३०० मीटर जाऊन दमल्यावर तिच्यात जेवढी ताकद उरलेली असते तेवढी इन्सासच्या गोळीत नळीच्या तोंडाशी असते. ह्या मोठ्या गोळीच्या रायफलीला जगात बॅटल रायफल म्हणतात, अन् लहान किंवा मधल्या गोळीच्या, बर्स्ट मारणाऱ्या रायफलीला असॉल्ट रायफल. पेपरवाले दोन्ही एकाच टोपलीत टाकतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पण ताकद फुकट येत नसते. पुढं जेवढा धक्का तेवढा मागं खांद्याला. मी ढोबळ हिशोब करून बघितला, गोळीचं वजन, बारुदीचं वजन, रायफलीचं वजन सगळं धरून, तर ५१ वालीचा धक्का एकेच्या दुप्पट अन् इन्सासच्या तिपटीहून जास्त पडतो. चांदमारीला, म्हणजे निशाणबाजीच्या सरावाला, पहिल्यांदा एसएलआर झाडलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी ओळखू यायचं, उजव्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग, अन् ज्यानं बट, म्हणजे रायफलीचा मागचा दस्ता, खांद्याला नीट दाबून न धरता सैल ठेवला त्याचा ओठ पण सुजलेला. हे एका गोळीचं झालं. आता अशाच गोळ्या मिनिटाला ६५० च्या वेगानं, म्हणजे सेकंदाला अकरा, सोडायच्या म्हणलं तर पहिली गोळी निशाण्यावर, दुसरी डोक्यावरून, अन् तिसरी आभाळात. नळी वरच चढत जाती. वीस गोळ्यांचं मॅगझीन दोन सेकंदाच्या आत रिकामं अन् समोरचा मनुष्य जागच्या जागी, उलट तुझी जागा त्याला कळलेली.

हे काय मी एकटा नाही सांगत. अमेरिकेनं १९५७ ला एम १४ नावाची रायफल घेतली, गोळी हीच, ऑटोमॅटिकची सोय पण होती, ती इतकी आवरेना की व्हिएतनाममधी बहुतेक रायफलींचं ऑटोचं बटण बंद करूनच शिपायांना दिलं. इंग्रजांनी तर बेल्जियमची एफएएल नावाची रायफल घेतानाच ऑटो काढून टाकलं, अन् आपली एसएलआर पण तशीच, नावातच सेल्फ लोडिंग आहे, स्वतः भरून घेणारी, स्वतः मारणारी नाही. १९८२ ला फॉकलंडच्या बेटांवर तर मजाच झाली, इंग्रज अन् अर्जेंटिनावाले दोघांच्या हातात एकाच घराण्याची रायफल, फक्त अर्जेंटिनाच्या रायफलीला ऑटो होतं अन् इंग्रजांच्या नव्हतं. लढाई इंग्रजांनी जिंकली. रायफलीमुळं जिंकली असं मी म्हणणार नाही, पण ऑटो नव्हतं म्हणून हरले असंही झालं नाही.

मग आर्मीला ही गोळी परत कशाला पाहिजे होती? तर एलओसीवरचं अंतर. दरीच्या ह्या धारेवरनं त्या धारेवर ४००-५०० मीटर सहज असतात, तिथं लहान गोळी पोचती पण लागून माणूस थांबलच असं नाही. अफगाणिस्तानात अमेरिकन अन् इंग्रजांचं पण तेच झालं, डोंगरावरनं लांबून फायर यायचं अन् ह्यांची ५.५६ तिथं कमी पडायची, मग इंग्रजांनी २०१० च्या सुमाराला घाईघाईनं ७.६२ बाय ५१ ची सेमी ऑटोमॅटिक शार्पशूटर रायफल आणली. आपण फेब्रुवारी २०१९ ला ७२,४०० सिगचा करार केला, त्यातल्या ६६,४०० आर्मीला, ४,००० हवाई दलाला, २,००० नेव्हीला. मग २०२४ ला अजून ७३,००० आर्मीसाठी. अन् बाकीच्या फौजेसाठी अमेठीजवळ कोरव्याला रशियाच्या सोबतीनं एके २०३ बनायलीय, सहा लाखाच्या वर, ती ३९ वाली गोळी, तीस गोळ्यांचं मॅगझीन, बर्स्ट मारणारी. म्हणजे आर्मी मागं गेली नाही, तिनं दोन कामाला दोन हत्यारं घेतली. घरात विळा पण असतो अन् कुऱ्हाड पण असती.

माझं स्वतःचं मत विचारशील तर सिग ही सगळ्यांच्या हातात द्यायची रायफलच नाही. गल्लीबोळात, घराच्या आत शिरायचं असलं तर मला एके दे बाबा. अन् गोळ्यांचं वजन कोणी बोलत नाही, त्यावर खाली वसमतच्या ताईंच्या उत्तरात लिहिलंय, ते वाच. मैदान मात्र नीट मार, १,६०० मीटरमधीच निम्मी पोरं गळतात, रायफल त्याच्या लई पुढं आहे.

जालना, रिटायर जमादार : "साहेब, आम्ही अख्खी नोकरी एसएलआरवर काढली. ६०० मीटरला टार्गेट पाडत होतो. ह्या नव्या रायफलीत असं काय वेगळं आहे? माझ्या मते आमचीच बरी होती."

जमादार साहेब, तुमच्या पत्रातलं पहिलंच वाक्य वाचून बरं वाटलं. तुम्ही अर्धे बरोबर आहात, अन् उरलेल्या अर्ध्यावर भांडू.

एसएलआर, कागदावरचं नाव रायफल ७.६२ एमएम १ए१, बंगालमधी ईशापूरच्या फॅक्टरीत साठच्या दशकापासून बनली. १९६२ ला आपली पोरं चीनसमोर पॉइंट थ्री नॉट थ्री घेऊन उभी होती, एक गोळी झाडायची, बोल्ट, म्हणजे गोळीमागं चेंबर बंद करणारा लोखंडी दांडा, ओढायचा, परत ढकलायचा, परत नेम. ती जखम लई दिवस राहिली. एसएलआर आल्यावर १९७१ ला शिपायाच्या हातात बोल्ट न ओढता वीस गोळ्या होत्या. मूळ डिझाईन बेल्जियमच्या एफएन कंपनीचं, द्युदोने सैव्ह नावाच्या इंजिनिअरचं, १९५० च्या आसपासचं, अन् नव्वदच्या वर देशांनी ते वापरलं. आता तुम्हाला धक्का बसेल, सिग ७१६ चं मूळ पण तेवढंच जुनं आहे. यूजीन स्टोनर नावाच्या अमेरिकन माणसानं पन्नासच्या दशकातच एआर १० बनवली, सिग ही तिच्या वंशातली. म्हणजे तुमची एसएलआर अन् आजची सिग ह्या एकाच वयाच्या दोन आज्यांच्या घरातल्या. फक्त एक आजी शहरात राहून सारखी नवं नवं शिकत गेली.

दोन्हींचं काम गॅसवर चालतं. गोळी नळीतून जाताना मागनं जो दाब असतो त्यातला थोडा नळीच्या भोकातून बाजूला काढायचा, त्यानं पिस्टन मागं ढकलायचा, पिस्टननं बोल्ट उघडायचा, रिकामी पुंगळी बाहेर, स्प्रिंग परत ढकलते, नवीन गोळी आत. डिझेल इंजिन उघडलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. दोन्हीत पिस्टन आखूड धावेचा आहे, म्हणजे पिस्टन सगळ्या वाटेनं बोल्टसोबत जात नाही, कॅरममधी स्ट्रायकर सोंगटीला टिचकी मारून जिथल्या तिथं थांबतो अन् सोंगटी जाते पॉकेटात, तसं. स्टोनरच्या मूळ एआर १० मधी पिस्टन असा वेगळा नव्हताच, गॅस नळीतून सरळ बोल्टच्या पेटीत जायचा अन् सगळी काजळी आतच बसायची. सिगवाल्यांनी तिथं पिस्टन घातला. म्हणून मी म्हणतो बोल्ट अमेरिकेचा अन् पिस्टन आपल्या ओळखीचा.

खरा फरक लॉकिंगमधी आहे अन् वजनाचं सगळं गुपित तिथंच. तुमच्या एसएलआरचा बोल्ट कसा बंद होतो आठवा, मागचं बूड खाली बसतं अन् बॉडीतल्या लॉकिंग शोल्डरला टेकतं. म्हणजे गोळी सुटताना सगळा दणका बॉडीला झेलावा लागतो, म्हणून ती बॉडी जाड पोलादाची, म्हणून रिकामी रायफल साडेचार किलोच्या जवळ. स्टोनरनं काय केलं, बोल्टच्या तोंडालाच दाते दिले अन् तो फिरून नळीच्या मागच्या पोलादी कॉलरमधीच अडकतो, प्रेशर कुकरचं झाकण फिरवून बसवतो ना, तसं. दणका नळीनंच झेलला, बॉडीवर आलाच नाही, मग बॉडी ॲल्युमिनियमची केली तरी चालतं. त्यामुळं सिग ३.८ किलोच्या आसपास. वर बट नळीच्या सरळ रेषेत, म्हणून नळी कमी उसळते.

दुसरी गोष्ट दुर्बीण. एसएलआरवर स्कोप बसवायचा प्रयत्न तुमच्या तुकडीत कोणी केला असला तर आठवत असेल काय हाल व्हायचे. बॅकसाइट, म्हणजे नेमाची मागची खूण, खालच्या उघडणाऱ्या भागावर, फोरसाइट, म्हणजे पुढची खूण, नळीकडं, अन् मधलं वरचं झाकण म्हणजे पातळ पत्रा, सरकवून बसवलेला, त्यावर स्कोप ठेवला तर दर वेळेस साफ करून जोडल्यावर झीरो, म्हणजे जुळवलेला नेम, गेलेला. सिगची वरची बॉडी एकसंध, तिच्या पाठीवर खाचांची रेल आहे, स्कोप म्हणा, रात्रीची दुर्बीण म्हणा, घट्ट बसती अन् हलत नाही. माझ्या मते नवी रायफल जर कुठं जिंकत असली तर इथं जिंकती, गोळीत नाही अन् पिस्टनमधी पण नाही.

आता तुमच्या बाजूनं. एसएलआरची नळी २१ इंची, सिगची १६ इंची. पाच इंच कापल्यावर गोळीचा वेग सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरनं कमी होतो, अन् भडका अन् आवाज वाढतो. म्हणजे नुसता वेग बघितला तर तुमची म्हातारी अजून पण पुढं आहे. अन् तो गॅस रेग्युलेटर! काय सुंदर चीज होती राव. रायफल घाण झाली, पुंगळी बाहेर पडंना, तर रेग्युलेटरची कडी दोन घर फिरवली की पिस्टनला जास्त गॅस, परत चालू. एकदा एका ट्रेनिंगमधी एक पोरगं रडकुंडीला येऊन माझ्याकडं आलं, की साहेब रायफल खराब दिली, एक गोळी सुटली की बंद पडते, हातानं कॉकिंग हँडल ओढावं लागतं. उस्तादानं, म्हणजे शिकवणाऱ्यानं, त्याला शिव्या घातलेल्या, कोतीवाल्यानं मलाच नावं ठेवलेली. मी बघितलं तर भाऊंनी साफ करून गॅस प्लग उलटा बसवला होता, ग्रेनेड फेकायच्या खुणेवर, तिथं गॅसची वाटच बंद होते. प्लग दाबला, अर्धा फिरवला, झालं. तुमच्यासोबत पण असं झालेलं असणारच, कबूल कोणी करत नाही.

वसमत, जि. हिंगोली : "दादा, माझा मुलगा आर्मीत आहे, सध्या वरती थंडीत ड्यूटी आहे. तो फोनवर म्हणतो नवीन रायफल जड आहे अन् गोळ्या पण जड. ती बर्फात बंद तर नाही पडत ना? मला त्यातलं काही कळत नाही, पण काळजी वाटते."

ताई, तुम्हाला कळत नाही असं म्हणू नका, प्रश्न तर तुम्ही नेमका विचारलाय. मुलगा खरं सांगतोय. ह्या रायफलीचा एक राउंड, म्हणजे गोळी पुंगळी मिळून, २४ ग्रॅमच्या आसपास, अन् इन्सासचा १२ ग्रॅम. म्हणजे शंभर गोळ्या कमरेला लावल्या तर इन्सासच्या सव्वा किलो अन् ह्याच्या अडीच किलोच्या जवळ. वरून मॅगझिनीचं वजन वेगळं, अन् एका मॅगझिनीत वीसच बसतात. त्यात जाकीट, पाणी, बूट, अन् चढावर अर्धीच हवा. आपल्याकडं डोक्यावर पेंडीचं पोतं घेऊन चढणीला लागल्यासारखं. मी वर लिहिलं की रायफल हलकी झाली, ती एसएलआरपेक्षा हलकी, पण गोळीचं वजन कोणी कमी करू शकलं नाही. ह्याच कारणानं नव्वदच्या दशकात आपली आर्मी लहान गोळीच्या इन्सासकडं गेली होती, की शिपाई तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या नेईल.

थंडीचं म्हणाल तर रायफल बर्फानं कमी अन् तेलानं जास्त अडकते. साधं तेल लई थंडीत घट्ट होतं, दिवाळीनंतर खोबरेल बाटलीत थिजतं ना तसं, अन् मग आतले पार्ट हळू चालतात. म्हणून तिकडं तेल अगदी नावाला लावतात. दुसरं, रायफल गरम खोलीत नेली अन् परत बाहेर काढली की आत घाम धरते अन् त्याचं बर्फ होतं, त्यामुळं ती बहुधा बाहेरच्या थंडीतच ठेवायची पद्धत असती. कारगिलला १९९९ ला इन्सासच्या प्लास्टिकच्या मॅगझिनी थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या, ते सगळ्यांना चांगलंच लक्षात राहिलंय. तुमच्या मुलाला हे सगळं शिकवलेलं असणार. तुम्ही त्याला एवढंच विचारा, मोजे कोरडे ठेवतोस का. शेंगदाण्याचे लाडू पार्सलनं पोचतात, पाठवा.

लातूर, विज्ञानाचे शिक्षक : "गोळी आवाजाच्या आधी पोहोचते असे मुलांना सांगतो. आकड्यांत समजावून सांगाल का?"

सर, सांगतो, तुमचं काम सोपं होईल. ह्या गोळीला ३०० मीटर जायला साधारण ०.४ सेकंद लागतात, वाटेत हवेनं वेग कमी होत होत. आवाज सेकंदाला ३४५ मीटर धरला तर त्याला ०.८७ सेकंद. म्हणजे ज्याला लागायची त्याला लागून गेल्यावर रायफलीचा आवाज येतो. अन् दोन आवाज येतात, आधी डोक्यावरून चाबूक ओढल्यासारखा कडाका, तो गोळीचा स्वतःचा, आवाजापेक्षा जोरात जाते म्हणून, अन् मागनं ढप्प असा रायफलीचा. जुने शिपाई ह्या दोन आवाजांतल्या अंतरावरनं समोरचा किती लांब आहे त्याचा अंदाज बांधतात, तुम्ही पोळ्याला लांबचा फटाका बघून करता तसंच.

अजून एक पोरांना सांगा, गोळी सरळ जाती हा गैरसमज आहे. नळी अगदी आडवी धरून झाडली तर ३०० मीटरवर ती पाऊण मीटरहून जास्त खाली आलेली असती अन् ६०० मीटरवर चार मीटरच्या वर. एसएलआरची बॅकसाइट २०० ते ६०० पर्यंत पुढं-मागं सरकवायची असायची ती ह्याच्यासाठी. नेम सरळ दिसतो, नळी मात्र कणभर आभाळाकडं बघत असते.

कंधार, जि. नांदेड : "आमच्याकडं वरातीत एक पाव्हणे हवेत बार काढतात. ते म्हणतात गोळी वर जाऊन जळून जाते. अन् रायफलीची रेंज ६०० मीटर म्हणता मग पुढं गोळी पडते का?"

जळून बिळून काही जात नाही. वर गेलेली खाली येतीच, कोणाच्या पत्र्यावर, कोणाच्या डोक्यात, हे नशिबावर. ६०० मीटर म्हणजे त्या अंतरापर्यंत नेमून मारता येतं एवढंच, तिरकी झाडली तर ही ७.६२ ची गोळी साडेतीन किलोमीटरच्या पुढं जाऊन पडू शकते, म्हणजे कंधारच्या किल्ल्यावरनं सुटली तर गावाच्या पार बाहेर. पाव्हण्यांची बारा बोअर असेल तर छर्रे तेवढे जात नाहीत, पण कायदा बोअर, म्हणजे नळीचं माप, बघत नाही. २०१९ ला आर्म्स ॲक्टमधी दुरुस्ती झाली त्यात लग्न-वरातीत असा बेफिकीर बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाव्हण्यांना हे जेवणाच्या आधी दाखवा, नंतर नको.

गंगाखेड, जि. परभणी : "शेतीच्या राखणीसाठी अशी सेमी ऑटोमॅटिक रायफल लायसनवर मिळते का? रानडुकरांनी सोयाबीन ठेवलं नाही."

नाही. ७.६२ ची सर्व्हिस गोळी चालणारी रायफल सामान्य माणसाला बंदी असलेल्या बोअरमधी येते, अन् सेमी ऑटोमॅटिक रायफल पण. लायसन मिळालंच तर साध्या हत्यारांचं, अन् ती पण आता एका माणसाला दोनच. अन् लायसन असलं म्हणून जनावर मारता येतं असं पण नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. नुकसानीचा पंचनामा लगेच करून घ्या अन् फोटो पीक उभं असतानाच काढा, आडवं झाल्यावर काढून उपयोग नाही.

उदगीर : "सगळं अमेरिका, रशियाकडून. आपण एक रायफल बनवू शकत नाही का?"

बनवतो की. पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई म्हणून प्रयोगशाळा आहे, तिनं हैदराबादच्या एका खाजगी कंपनीसोबत उग्रम नावाची रायफल बनवली, जानेवारी २०२४ ला पुण्यातच तिचं अनावरण झालं. गोळी हीच ७.६२ बाय ५१, वजन चार किलोच्या आत, रेंज ५०० मीटर, मॅगझीन वीसची, अन् आष्टीच्या पोराला आवडेल, हिला ऑटो पण आहे. आता ती आवरती किती ते चाचण्यांत कळल, मला ऑटोबद्दल काय वाटतं ते वर लिहिलंच. बनवणं अन् लाखानं बनवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रायफल हुशार इंजिनिअर बनवतो, पण लाखावी रायफल पहिलीसारखीच यावी ह्यासाठी पोलाद, मशीन, तपासणारा मनुष्य सगळं रोज तेच लागतं, अन् आपलं घोडं नेहमी तिथंच अडतं. गोळ्यांच्या बाबतीत आपण इतके परावलंबी नाही, भुसावळजवळ वरणगावच्या फॅक्टरीत कित्येक वर्षांपासून काडतुसं बनतात. माझ्या नोकरीतल्या कितीतरी पेट्या तिथल्याच असणार.

सेलू, इयत्ता आठवी : "काका, मोबाईलच्या गेममध्ये एसएलआर असते, तिच्यात दहाच गोळ्या येतात. खऱ्या एसएलआरमध्ये किती असतात? आणि रिलोड करायला किती वेळ लागतो?"

खऱ्या एसएलआरच्या मॅगझिनीत वीस. भरलेली मॅगझीन बदलायला शिकलेल्या माणसाला चार-पाच सेकंद, आधी पुढचा कान अडकवायचा मग मागं ओढून खट् वाजवायची, घाईत पुढचा कान चुकला की बसतच नाही. पण गेममधी रिकामी मॅगझीन भरायची नसते ना, इथं ती अंगठ्यानं एकेक राउंड दाबून भरावी लागते, अन् जशी भरत जाते तशी स्प्रिंग कडक होत जाते. पहिल्या दहा गप्पा मारत भरतात. सोळाव्या-सतराव्याला अंगठा दुखायला लागतो. अन् विसावी बसता बसत नाही, तेव्हा उस्ताद मागं उभा राहून म्हणतो, सगळ्या बाहेर काढ अन् परत भर.